विश्लेषण : पहिल्या फेरीतील आघाडी किती खरी? हिंगोलीचा १,६३२ मतांचा धडा

निकालाच्या दिवशी सकाळी साडेआठनंतर मोबाइलवर पहिला आकडा येतो आणि तासाभरात चौकात गुलाल उधळला जातो. तो आकडा नेमका कुठून आलेला असतो? त्यावरून पुढचे काही सांगता येते का? अमेरिकेत पहिल्या एक-दोन राज्यांचे निकाल अध्यक्षपदाची सगळी शर्यत फिरवू शकतात. आपल्याकडे मात्र पहिल्या फेरीचा आकडा काहीच फिरवत नाही. तरीही त्याच्याकडे पाहण्याची सवय तीच आहे.

मे २०१४. देशभर मोदी लाट होती. महाराष्ट्रातील ४८ पैकी ४२ जागा महायुतीने जिंकल्या आणि काँग्रेसच्या हाती फक्त दोन जागा राहिल्या. एक नांदेड, तिथे अशोक चव्हाण निवडून आले. दुसरी हिंगोली, तिथे राजीव सातव. सातव यांना ४,६७,३९७ मते मिळाली, शिवसेनेचे सुभाष वानखेडे यांना ४,६५,७६५. फरक १,६३२. दोघांची मते मिळून नऊ लाख तेहतीस हजारांच्या वर जातात, म्हणजे दर हजार मतांमागे दोन मतांचाही फरक नव्हता.

एवढ्या निसटत्या लढतीत सकाळी नऊ वाजता कोण पुढे होते, या प्रश्नाला काय अर्थ उरतो? फारसा नाही. पण दर निवडणुकीत पहिला प्रश्न तोच विचारला जातो, म्हणून त्यामागचा हिशेब एकदा समजून घ्यायला हवा.

सकाळचा ‘कल’ कसा तयार होतो?

मतमोजणी सकाळी आठला सुरू होते ती टपाली मतांनी. निवडणूक कामावरचे कर्मचारी, सैन्यातील मतदार, घरून मतदान केलेले ज्येष्ठ आणि दिव्यांग यांची ही मते. अर्ध्या तासाने मतदान यंत्रांची मोजणी सुरू होते. म्हणजे पडद्यावर झळकणारा अगदी पहिला आकडा हा बहुतेक वेळा गावातल्या मतदाराचा नसतोच.

यंत्रांची मोजणी टेबलांवर होते. साधारणपणे एका विधानसभा क्षेत्रासाठी १४ टेबले मांडलेली असतात. एका टेबलावर एका वेळी एका मतदान केंद्राचे यंत्र. चौदा यंत्रे मोजून झाली की एक फेरी संपली. एखाद्या विधानसभा क्षेत्रात साडेतीनशे मतदान केंद्रे असतील तर २५ फेऱ्या होतात.

आता खरी मेख. यंत्रे चिठ्ठ्या टाकून उचलली जात नाहीत. ती मतदान केंद्राच्या अनुक्रमांकाने येतात. पहिल्या फेरीत केंद्र क्रमांक १ ते १४, दुसरीत १५ ते २८. आणि केंद्रांचे क्रमांक लागून लागून असलेल्या गावांना ओळीने दिलेले असतात. त्यामुळे पहिली फेरी म्हणजे सगळ्या मतदारसंघाचा नमुना नव्हे, ती त्या क्षेत्राच्या एका कोपऱ्यातील आठ-दहा गावांची मते असतात. त्या कोपऱ्यात उमेदवाराचे सासर असेल, त्याच्या ताब्यातली सोसायटी असेल किंवा एखाद्या समाजाची वस्ती दाट असेल, तर आघाडी त्याचीच दिसणार. शहरातली केंद्रे अनुक्रमात मधे असतील तर शहराचा कौल दुपारीच कळणार.

लोकसभेला हे गणित सहापट गुंतागुंतीचे होते. हिंगोली मतदारसंघ नावाने एका जिल्ह्याचा असला तरी तो तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत ही क्षेत्रे हिंगोली जिल्ह्यातली, हदगाव आणि किनवट नांदेडमधली, तर उमरखेड यवतमाळमधले. सहाही क्षेत्रांची मोजणी एकाच वेळी पण वेगवेगळ्या गतीने चालते. कुठे यंत्राची बॅटरी बदलावी लागते, कुठे एखाद्या आकड्यावर हरकत येते. एका क्षेत्राच्या सहा फेऱ्या झालेल्या असतात तेव्हा दुसऱ्याच्या तीनच. वाहिनीवर मात्र सगळ्यांची बेरीज एका आकड्यात दिसते. किनवटच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्यातली यंत्रे आणि वसमतच्या ऊस-हळदीच्या पट्ट्यातली यंत्रे किती किती उघडली, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेले नसते.

शितावरून भाताची परीक्षा का चुकते?

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. हळदीच्या बाजारात मात्र हा न्याय चालत नाही. हिंगोली-वसमतच्या बाजारात माल घेणारा व्यापारी वरच्या पोत्यावरून ढिगाचा भाव करत नाही. तो चार ठिकाणी हात घालतो, खालचे कांडे बाहेर काढून मोडून पाहतो. मतमोजणी ही पातेल्यासारखी नाही, ढिगासारखी आहे.

गंमत अशी की कागदी मतपत्रिकांच्या काळात ती पातेल्यासारखी होती, निदान बऱ्याच ठिकाणी. तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद होती. मोठ्या पिंपात गठ्ठे टाकून ते ढवळले जात. कोणत्या गावाने कुणाला मते दिली हे कळू नये, हा त्यामागचा हेतू. पण त्याचा एक नकळत फायदा असा होता की पहिल्या फेरीतले गठ्ठे साऱ्या मतदारसंघातून आलेले असत. त्यामुळे ज्याला पहिल्या दोन फेऱ्यांत ठळक आघाडी मिळाली, त्याने निश्चिंत होणे तेव्हा फारसे चूक नव्हते. गावाकडची जुनी मंडळी ‘पहिल्या फेरीवरूनच समजतं’ म्हणतात, त्यात त्या काळचा अनुभव आहे. यंत्र आले, मिसळणे संपले. समज मात्र तसाच राहिला.

१,६३२ मते म्हणजे किती यंत्रे?

हिशेब घरी करता येण्यासारखा आहे. एका ग्रामीण केंद्रावर साडेसहाशे मते पडली असे धरू. चौदा टेबलांची एक फेरी म्हणजे सुमारे ९,१०० मते. सहा विधानसभा क्षेत्रांची मिळून एक फेरी सुमारे ५४,६०० मतांची. २०२४ मध्ये हिंगोलीत साडेअकरा लाखांच्या आसपास मतदान झाले, म्हणजे पहिल्या पूर्ण फेरीत विसातला एक हिस्सा जेमतेम उघडतो. आणि १,६३२ मते म्हणजे अडीच यंत्रे. एका फेरीत एकूण ८४ यंत्रे मोजली जातात, त्यांपैकी अडीच यंत्रांनी २०१४ चा खासदार ठरवला.

तेव्हा ‘पाच हजारांची आघाडी’ ही बातमी ऐकली की दुसरा प्रश्न लगेच विचारायला हवा : मोजायची किती मते उरली आहेत? एक लाख मते उरली असतील आणि मागे असलेल्याला ती फरकाची पाच हजार मते भरून काढायची असतील, तर उरलेल्या मतांत प्रतिस्पर्ध्यापेक्षा पाच टक्क्यांनी पुढे राहणे त्याला पुरते. त्याच्या पट्ट्यातली यंत्रे बाकी असतील तर हे सहज शक्य आहे. पाच हजार मतेच उरली असतील तर मात्र खेळ संपल्यातच जमा.

याचा अर्थ पहिला कल नेहमी खोटा असतो असे नाही. लढत एकतर्फी असेल तर कोणतेही पोते उघडा, माल एकच निघतो. २०१९ मध्ये शिवसेनेचे हेमंत पाटील हिंगोलीतून २,७७,८५६ मतांनी जिंकले. त्यांच्यासमोर काँग्रेसचे उमेदवार होते तेच सुभाष वानखेडे. पाच वर्षांपूर्वी अडीच यंत्रांनी हरलेला उमेदवार पक्ष बदलून आला आणि पावणेतीन लाखांनी हरला. वंचित बहुजन आघाडीच्या मोहन राठोड यांनी पावणेदोन लाखांच्या आसपास मते घेतली, तरी अंतर एवढे होते. २०२४ मध्येही शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे नागेश पाटील आष्टीकर यांनी शिवसेनेच्या बाबुराव कदम कोहळीकर यांना १,०८,६०२ मतांनी हरवले. एवढ्या फरकाच्या लढतीत आकडा लवकर बोलू लागतो.

म्हणून आघाडी किती हजारांची आहे यापेक्षा ती किती ठिकाणांहून आली आहे, हे जास्त सांगून जाते. सहापैकी पाच क्षेत्रांत एकच उमेदवार पुढे असेल तर पाच हजारांची आघाडीही गंभीरपणे घ्यावी. एकाच क्षेत्रातून पंधरा हजारांची आघाडी आली असेल तर घाई करू नये.

अमेरिकेत पहिला निकाल एवढा महत्त्वाचा का?

‘पहिला निकाल’ या गोष्टीला जगात सर्वाधिक किंमत अमेरिकेत आहे. तिथे अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे नेते बंद खोलीत ठरवत नाहीत. प्रत्येक राज्यात पक्षाचे मतदार आधी पक्षांतर्गत मतदान करतात, त्याला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत मतदार सभेला जमून कौल देतात, ती कॉकस. ही मतदाने एका दिवशी होत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत एक-दोन छोटी राज्ये, मग मार्चमध्ये एकाच मंगळवारी डझनभर राज्ये, पुढे उरलेली, असे जूनपर्यंत चालते. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही राज्ये लोकसंख्येने छोटी, पण अनेक दशके रांगेत पहिली राहिली.

इथे पहिला निकाल पुढच्या मतदाराला खरोखर दिसतो. आयोवात जो पडला त्याचे देणगीदार आटतात, कार्यकर्ते पांगतात, वाहिन्यांवरचा वेळ कमी होतो. जो अनपेक्षित पुढे आला त्याच्याकडे पैसा धावतो. आपल्याकडे तालुक्याच्या राजकारणात ‘हवा’ म्हणतात ती हीच, फक्त तिथे तिला वेळापत्रक आहे.

तरीही पहिल्या निकालाने तिथेही अनेकांना तोंडघशी पाडले आहे. २०२० मध्ये जो बायडेन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. ते संपले असे लिहूनही झाले होते. पण ती दोन्ही राज्ये बहुतांश गोऱ्या मतदारांची. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनाची पाळी आली. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे आहे. बायडेन तिथे दणक्यात जिंकले, तीन दिवसांनी १४ पैकी १० राज्ये त्यांनी घेतली आणि पुढे ते अध्यक्ष झाले. हिंगोलीच्या भाषेत सांगायचे तर त्यांच्या पट्ट्यातली यंत्रे उघडायची बाकी होती. पुढच्या वेळी, २०२४ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाने अधिकृत वेळापत्रकात साउथ कॅरोलिनाला पहिला क्रमांक दिला. रांगेत कोण आधी उभे राहते यावर निकाल हलतो, याची ती कबुलीच होती.

त्याच २०२० मध्ये आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाचे निकाल कळवण्याचे ॲप कोलमडले आणि आकडे काही दिवस रखडले. २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या आयोवा कॉकसमध्ये मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचे त्या रात्री जाहीर झाले. दोन आठवड्यांनी अंतिम पडताळणीत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. तोवर रॉम्नींना ‘आयोवाचा विजेता’ म्हणून मिळायचा तो फायदा मिळून गेला होता आणि उमेदवारीही अखेर त्यांनाच मिळाली. उशिरा आलेला खरा आकडा सँटोरम यांना काय कामाचा?

प्रायमरीचा अनुभव घेतलेले एक नाव मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. जाहिरातींवर स्वतःचा पैसा ओतल्याने सुरुवातीच्या काही जनमत चाचण्यांत ते पुढे होते. प्रत्यक्ष मतदानात तिसरे आले. चार वर्षांनी त्याच राज्यातील एका काँग्रेस मतदारसंघाच्या प्रायमरीत नऊ जणांच्या गर्दीत अठ्ठावीस टक्के मतांवर ते जिंकले आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पोहोचले. चाचणीत पुढे असताना हरले, आणि मतदारसंघातील बहुसंख्य प्रायमरी मते दुसऱ्यांना पडूनही जिंकले.

मग आपल्याकडे आधीचा निकाल झाकून का ठेवतात?

भारताने याच्या नेमका उलट रस्ता धरला आहे. २०२४ ची लोकसभा सात टप्प्यांत झाली. हिंगोलीत मतदान झाले २६ एप्रिलला, दुसऱ्या टप्प्यात. मोजणी ४ जूनला. तब्बल ३९ दिवस हिंगोलीची मते यंत्रांत बंद होती, कारण शेवटच्या टप्प्यातील मतदाराला पहिल्या टप्प्याचा निकाल कळता कामा नये. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२६ अ मुळे शेवटचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्याही दाखवता येत नाहीत.

हे तत्त्व डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुकीत पुन्हा पुढे आले. राज्यभर २ डिसेंबरला मतदान आणि ३ ला मोजणी ठरली होती. पण उमेदवारी अर्जांवरील अपिले वेळेत निकाली न निघाल्याने वीसहून अधिक ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर ढकलले गेले. आधीच्या निकालांचा नंतरच्या मतदारांवर परिणाम होईल, असा आक्षेप मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला आणि न्यायालयाने सगळे निकाल एकत्र, २१ डिसेंबरला लावण्याचा आदेश दिला. हिंगोली जिल्ह्यातील नगरपरिषदांनाही तो लागू झाला. उमेदवार वैतागले, यंत्रांवर पहारा देणारे कार्यकर्ते कंटाळले. पण ज्या गावाचे मतदान बाकी आहे त्याला ‘राज्यात अमक्याची हवा आहे, आता तुम्हीही तिकडेच या’ असे सांगण्याची सोय राहिली नाही. तीन आठवड्यांचा वैताग सोसूनही तो आदेश योग्यच होता. शेजारच्या गावाचा निकाल पाहून मत द्यायचे ठरले तर नगराध्यक्षाला त्याच्या शहरातल्या नाल्यांचा हिशेब कोण विचारणार?

म्हणजे आपल्याकडे पहिल्या आकड्याने कुणाचेही मत बदलत नाही. मोजणीच्या सकाळी सगळी मते यंत्रांत कधीच पडलेली असतात, फक्त उघडण्याचा क्रम लागायचा असतो. ‘त्याने आघाडी तोडली’, ‘याने मुसंडी मारली’ ही वाहिन्यांची भाषा शर्यतीची आहे, पण धावणारे केव्हाच थांबलेले असतात.

आधीची निवडणूक पुढचीचा कल सांगते का?

एकाच दिवसाच्या फेऱ्यांबाबत जी चूक होते, तीच दोन निवडणुकांबाबतही होते. जून २०२४ मध्ये हिंगोलीत आष्टीकर एक लाखाच्या वर मतांनी जिंकले तेव्हा विधानसभेचा निकाल जणू लागलाच, असे मानून अनेक इच्छुकांनी तिकिटासाठी रांगा लावल्या. पाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, याच लोकसभा मतदारसंघातील सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या. हिंगोलीत भाजपचे तान्हाजी मुटकुळे, कळमनुरीत शिवसेनेचे संतोष बांगर, वसमतमध्ये राष्ट्रवादीचे राजू नवघरे, किनवटमध्ये भीमराव केराम, उमरखेडमध्ये किसन वानखेडे. आणि हदगावमध्ये? जूनमध्ये लोकसभेला हरलेले बाबुराव कदम कोहळीकर.

मतदार बहुतांश तेच, गावे तीच. मधे ‘लाडकी बहीण’ योजनेचे हप्ते खात्यावर आले, जागावाटपाची गणिते बदलली, लोकसभेचे मुद्दे मागे पडले. जूनचा आकडा खरा होता, तो नोव्हेंबरबद्दल काही सांगत नव्हता एवढेच.

घाईच्या गुलालाचे नुकसान कुणाला?

गुलाल लवकर उधळला, मग पुसावा लागला, एवढेच असते तर हसून सोडून देता आले असते. नुकसान दुसरीकडे होते.

मोजणी केंद्रात प्रत्येक टेबलाजवळ उमेदवाराचा प्रतिनिधी जाळीपलीकडे बसलेला असतो. त्याला मोबाइल आत नेता येत नाही. त्याच्या हाती मतदानाच्या दिवशी मिळालेल्या नमुना १७ क ची प्रत असते. त्यावर केंद्रात एकूण किती मते पडली आणि यंत्राचा क्रमांक कोणता, हे लिहिलेले असते. यंत्राचे मोहोर, क्रमांक आणि एकूण मते जुळतात की नाही हे पाहणे त्याचे काम. ते कंटाळवाणे आहे आणि शेवटच्या फेरीपर्यंत चालते. बाहेर ‘आपण पडलो’ अशी आवई उठली की हाच माणूस दहाव्या फेरीला उठून निघून जातो. ‘आपण आलो’ अशी उठली तरी निघतो, मिरवणुकीसाठी. पुढच्या पंधरा फेऱ्या त्या टेबलावर त्या उमेदवाराचे कुणीच नसते.

आणि खरी गरज नेमकी शेवटी असते. शेवटच्या फेरीची बेरीज जाहीर झाल्यावर, निकाल घोषित होण्याआधी, उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला फेरमोजणीचा लेखी अर्ज करता येतो. त्यासाठी कारणे द्यावी लागतात. कोणत्या टेबलावर, कोणत्या केंद्राच्या आकड्यात घोळ आहे हे सांगावे लागते. ती नोंद ठेवणारा माणूस घरी गेला असेल तर अर्जात लिहायचे काय? निकाल घोषित झाला की मग उच्च न्यायालयात ४५ दिवसांच्या आत निवडणूक याचिका, एवढाच मार्ग उरतो.

४ जून २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात यंत्रांची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. त्याच रात्री मराठवाड्यात बीडचा निकाल उशिरापर्यंत हेलकावे खात राहिला आणि बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना ६,५५३ मतांनी हरवले. या दोन्ही ठिकाणी जो शेवटपर्यंत टेबलाजवळ बसला त्यालाच काय झाले ते सांगता आले.

दुसरे नुकसान विश्वासाचे. ८ ऑक्टोबर २०२४ ला हरियाणात सकाळी काँग्रेस बहुमताच्या बरीच पुढे दिसत होती, दिल्लीच्या मुख्यालयात मिठाई वाटली गेली. दुपारपर्यंत चित्र फिरले आणि ९० पैकी ४८ जागा भाजपला मिळाल्या, काँग्रेसला ३७. संकेतस्थळावर आकडे मुद्दाम हळू चढवले जात असल्याची तक्रार काँग्रेसने केली, आयोगाने ती फेटाळली. यंत्रांबद्दल कुणाला शंका असू शकते आणि ती विचारण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. पण ‘सकाळी पुढे, दुपारी मागे’ हा एवढाच पुरावा असेल तर तो पुरावा नाही. क्रमाने यंत्रे उघडल्यावर असे होणारच. शंका घ्यायची तर नमुना १७ क आणि मोजलेली मते यांच्यातल्या फरकावर घ्यावी, किंवा प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांवर होणाऱ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांच्या पडताळणीवर. तिथे आकड्याला आकडा भिडवता येतो.

आयोगाने काय करावे?

विधानसभेच्या मोजणीत आयोगाच्या संकेतस्थळावर एकूण किती फेऱ्यांपैकी किती झाल्या हे दिसते. ते चांगले आहे, पण पुरेसे नाही. कोणती केंद्रे मोजली आणि अंदाजे किती मते उरली, या दोन गोष्टी प्रत्येक फेरीसोबत मराठीत दिल्या तर निम्म्या अफवा जागीच संपतील. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने टपाली मतांची मोजणी संपल्याशिवाय यंत्रांची उपांत्य फेरी सुरू करू नये असे ठरवले. मुंबई उत्तर पश्चिमसारखा प्रसंग पाहता हा बदल आधीच व्हायला हवा होता.

पण केंद्रनिहाय माहिती जास्त उघड करण्याला दुसरी बाजू आहे आणि ती हिंगोलीसारख्या ग्रामीण जिल्ह्यात जास्त टोचते. लहान गावात एकच मतदान केंद्र असते. केंद्राचा आकडा म्हणजे गावाचा आकडा. ‘तुमच्या गावाने आम्हाला किती दिलं ते आमच्याकडे लिहून आहे’ हे वाक्य रस्त्याचे, टाकीचे, सभामंडपाचे काम मागायला गेलेल्या सरपंचाला ऐकावे लागते. वस्ती एका समाजाची असेल तर ते आणखी वाईट. अशा गावांना मोजणीच्या सकाळीच नाव घेऊन पडद्यावर आणणे धोक्याचे आहे.

यावर उपाय सुचवून झालेला आहे. अनेक केंद्रांची यंत्रे एकत्र जोडून फक्त त्यांची बेरीज दाखवणारे ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला. जुन्या पिंपाचेच हे नवे रूप. चौदा यंत्रे एकदम जोडली तर फेरीचा आकडा कळेल, गावाचा कळणार नाही. ती चौदा यंत्रे मतदारसंघाच्या वेगवेगळ्या भागांतून निवडली तर पहिल्या फेरीचा आकडाही काहीसा अर्थपूर्ण होईल, म्हणजे शितावरून भात ओळखण्याची सोय पुन्हा येईल. विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५५ व्या अहवालात टोटलायझरची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मान्य केली नाही. कोणत्या केंद्रावर कामाची गरज आहे हे कळले तर विकासाला मदत होते, हा विरोधातला युक्तिवाद आहे. सभामंडपासाठी हेलपाटे घालणाऱ्या सरपंचाला तो पटणे अवघड आहे.

निकालानंतर काही दिवसांनी नमुना २० प्रसिद्ध होतो. त्यात प्रत्येक केंद्रासमोर प्रत्येक उमेदवाराची मते ओळीने छापलेली असतात. पक्षांच्या तालुका कार्यालयांत त्याच्या प्रती काढल्या जातात आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या कपाटात जपून ठेवल्या जातात.